बंबाभोवतीचे आठ दिवस

लग्न होऊन वडगावला आले, त्या पहिल्याच डिसेंबरातली गोष्ट. सकाळी वेणी घालायला बसले आणि खोबरेल तेलाची बाटली हातावर उपडी केली, तर तेल काही खाली येईना. माझं माहेर रत्नागिरीजवळचं. तेल असं दगडासारखं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, खराब झालं. बाटली घेऊन मी परसात गेले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई (इकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे), बंबापुढे शेकत बसल्या होत्या.

"आत्या, हे तेल टाकून देऊ का?"

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, बंबाच्या कडेला टेकवली आणि म्हणाल्या, "अगं पोरी, त्येला थंडी वाजालीया. बसू दे की घटकाभर शेकत."

खोबरेल तेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली घट्ट होऊ लागतं, हे पुढे मी शाळेत मुलांना सांगू लागले. पण थंडीचा पहिला धडा मला त्या बंबाने दिला. त्याला आता बारा वर्षं झाली. आणि त्याच बंबाला गेल्या डिसेंबरात मी मोडीत काढायला निघाले होते!

'पेठ वडगाव' म्हटलं की पुष्कळ जणी विचारतात, "कुठलं हो हे वडगाव?" महाराष्ट्रात वडगावं उदंड आहेत. आमचं कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं. पुणे-बंगळूर महामार्गावर वाठारला उतरायचं आणि पूर्वेकडे वळायचं, की थोड्याच वेळात गाव लागतं. पश्चिमेला जोतिबाचा डोंगर, उत्तरेला वारणा नदी, आणि मधे नजर पोचेल तिथवर ऊस. नावातच 'पेठ' आहे, त्यामुळे गावाचा जीव बाजारात. सोमवारी इथला बाजार भरतो. जनावरांसाठी तर तो लांबलांबपर्यंत माहीत आहे.

इथली थंडी काही निफाडसारखी नव्हे. तिकडे पारा पाच-सहाच्याही खाली उतरतो. आमच्याकडे बारा-तेरा अंश म्हणजे कहर. पण उसाच्या रानांत पाणी फिरत असतं, वर आभाळ निरभ्र, त्यामुळे जमिनीत दिवसभर साठलेली ऊब रात्री भराभरा वर निघून जाते. गार हवा जड असते. ती ओढ्याकाठी, सखल रानात येऊन साचते. पहाटे दार उघडलं की समोरचं घर दिसत नाही, नुसता धुक्याचा पडदा. त्या पडद्यापलीकडून उसाच्या ट्रॅक्टरची घरघर आणि बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत राहतो.

सोमवार

मार्गशीर्षातला तो सोमवार. पहाटे गच्चीवरून पाण्याची धार लागल्यासारखा आवाज आला. हे बॅटरी घेऊन वर गेले. सोलरची एक काचेची नळी तडकली होती आणि टाकीतलं पाणी गच्चीभर झालं होतं. हे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत आहेत, सातला घरातून निघतात. मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला, "रविवारशिवाय जमायचं न्हाई, थंडीत समद्यांच्याच नळ्या फुटाल्यात." सहा माणसांच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं म्हणजे सिलिंडर पंधरा दिवसही टिकायचा नाही.

आणि बंब? तो जिन्याखाली पोत्यात बांधून ठेवलेला होता. सोलर आल्यापासून चार वर्षं तो तसाच पडून होता. तांब्याला सध्या भाव चांगला आहे. बंब मोडीत घालायचा, त्यात थोडी भर टाकून घरघंटी घ्यायची, असं मी ठरवलं होतं. दुकानदाराशी बोलणंही झालं होतं आणि दिवस ठरला होता नेमका तोच, बाजाराचा सोमवार. आत्यांना मी विचारलं होतं. त्या "तुझं घर, तुझा संसार" एवढंच म्हणाल्या होत्या. हे वाक्य ज्या सुनेने ऐकलं असेल तिला त्याचा अर्थ सांगायला नको.

पोतं सोडलं, तेव्हा आत्या कशा कोण जाणे, गुडघे विसरून जिन्यापाशी आल्या होत्या. "आदी पानी भर," त्या म्हणाल्या. "बिनपान्याचा पेटवशील तर सांधं सुटतील."

ज्यांनी बंब पाहिला नाही अशा मैत्रिणींसाठी सांगते. तांब्याचं पिंपासारखं भांडं, मधोमध उभं नळकांडं. जाळ त्या नळकांड्यात करायचा, खाली जाळी असते, तिच्यातून राख पडते. पाणी भोवताली. जाळ चारी बाजूंनी पाण्याला लागतो, म्हणून थोड्या जळणात पाणी कढत होतं. वरून गार पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून गरम घ्यायचं. तुरकाट्या, शेणी, नारळाच्या करवंट्या, घरात जे फेकायचं ते सगळं त्याला चालतं. चार वर्षांनी तांबं हिरवं-काळं पडलं होतं. बाजारातून येताना मी चिंच आणली आणि दुपारी चिंच-मिठाने ते घासायला बसले. हाताला लखलखीत तांबडं तांबं लागू लागलं, तशी मनात म्हटलं, रविवारपर्यंतच बरं का. सोमवारी तू दुकानात.

मंगळवार

पहाटे पाचला मी बंबापुढे. माझा जाळ काही धरेना. धुराने डोळे भरले. आत्या मागून म्हणाल्या, "वाईच सर बघू." त्यांनी खाली कागद, त्यावर काटक्या उभ्या, मग करवंटीचा तुकडा असं रचलं आणि एका काडीत बंब पेटवला. चार वर्षांत मी त्यांना इतक्या झपझप हात चालवताना पाहिलं नव्हतं. दिवाळीपासून तर त्या फारच गप्प झाल्या होत्या. मामंजी गेल्यानंतरचं हे दुसरं वर्ष. मी शाळेत तासिकेवर शिकवते, मराठीचे तास घेते. अकरा ते चार घर रिकामं, आणि त्या एकट्या. शाळा सोडावी का, असा विचार मी महिनाभर मनात घोळवत होते. कुणाजवळ बोलले मात्र नव्हते.

बंब पेटला आणि परसाला माणसं लागली. माझी मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. एरवी चार हाका मारल्याशिवाय न उठणारी दोघं पांघरुणं गुंडाळून बंबाशी येऊन बसली. शेजारच्या काकू "बघू तरी, पाणी तापलं का" म्हणून आल्या आणि अर्धा तास बसल्या. मी हुलग्याच्या पिठाचं माडगं करून तिथंच वाटीवाटी दिलं. सोपं आहे: हुलगे भाजून दळलेलं पीठ गार पाण्यात कालवायचं, गुळाच्या उकळत्या पाण्यात सोडायचं, आलं किंवा सुंठ घालायची आणि गुठळी न होऊ देता ढवळत राहायचं. थंडीत पोटाला असा शेक दुसरा नाही.

तेवढ्यात मागच्या बोळाने एक पोर आली. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा, काखेत दीडेक वर्षाचा भाऊ. काकूंची म्हैस आहे, तिच्यासाठी ती रोज सकाळी वाढं आणते. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. ऊस तोडणारी माणसं ते चारा म्हणून विकतात, तेवढाच हातखर्च. पोरीच्या अंगात पातळ फ्रॉक, वर बापाचा असावा असा सदरा. भारा टाकून ती पैशांसाठी उभी राहिली आणि उभी राहिली ती बंबाकडे तोंड करून.

"ये की, शेक जरा," आत्या म्हणाल्या.

माझ्या मुलीचा लहान झालेला स्वेटर कपाटात होता. तो आणून मी तिच्या हातात दिला. तिने तो भावाला गुंडाळला. मला बरं वाटलं. एक चांगलं काम झालं, आता शाळेची तयारी करायची, असं म्हणून मी आत गेले.

बुधवार

त्या दिवशी फोनवर बारा अंश दिसत होते. पोर वाढं टाकून थेट बंबाशी येऊन बसली. मी पेटवणासाठी शाळेतले जुने कागद काढले होते. गेल्या वर्षीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका. एकेक फाडून आत सारत होते. तिने हात पुढे केला.

"मावशी, ह्यो जाळू नका. ह्याच्यात लिवलंय."

"अगं, सगळ्यांतच लिहिलंय."

"तसं न्हाई." तिने कागद जाळाच्या उजेडात धरला आणि बोट ठेवत वाचलं, अडखळत पण चुकता नाही. कुणा मुलाचा 'माझे गाव' हा निबंध होता. आमच्या गावात सोमवारी बाजार भरतो. आमच्या गावात महालक्ष्मीचे मंदिर व तलाव आहे. आमच्या गावात सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. वाचून तिने विचारलं, "धनाजी म्हंजी संताजी-धनाजीतला? ह्याच वडगावात?"

"ह्याच वडगावात," मी म्हटलं. औरंगजेबाच्या फौजेला ज्यांनी सळो की पळो करून सोडलं, मोगलांच्या घोड्यांना म्हणे पाण्यातही ज्यांची प्रतिबिंबं दिसत, त्यांतले धनाजी १७०८ साली इथं वारले. "तुला कसं माहीत गं संताजी-धनाजी?"

"आमच्या शाळंत गुर्जींनी सांगितलंय. चौथीत हुते मी गेल्या साली."

दोन महिने ती या गावात राहत होती. रोज माझ्या दारावरून जात होती. आणि मी मराठीची शिक्षिका असून तिला फक्त 'वाढंवाली पोर' म्हणून ओळखत होते. तिचं गाव बीडकडचं. आई-बाप दरवर्षी दसऱ्यानंतर तोडणीला येतात. आजवर ही आजीजवळ राहून शिकत होती. या पावसाळ्यात आजी वारली. मग ही आणि भाऊ दोघंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून इकडे आली.

आमच्या जिल्ह्याची साखर, आमचा गूळ यांचं कौतुक आम्ही नेहमी करतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ऊस कापतं कोण, हे आम्हा गावात राहणाऱ्यांनाही नीटसं माहीत नसतं. दुष्काळी भागातून नवरा-बायकोची जोडी येते. त्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, पण हिशेबात कोयता एक! मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत राबायचं असतं. एकाचा खाडा झाला तर दोघांची मजुरी अडते. पहाटे चारला, याच धुक्यात, बाई भाकरी बांधून नवऱ्याबरोबर रानात जाते. दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. आम्हाला जो धुक्याचा पडदा दिसतो, त्याच्या पलीकडे ही माणसं आधीच दोन तास राबलेली असतात.

गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. घरी घट मांडला, पाच फळं, पाच झाडांच्या डहाळ्या, पोथी. संध्याकाळी शेजारणींना हळदीकुंकू दिलं. बायका गेल्यावर आत्या म्हणाल्या, "त्या पोरीच्या आईला बोलवायचं ऱ्हायलं."

"आत्या, त्या आत्ता कुठे रानातून येत असतील."

"मग आपुनच जाऊ."

दिवाळीपासून घराबाहेर न पडलेल्या आत्या माझा हात धरून निघाल्या. गल्ली संपते तिथं पडीक रान आहे. त्यात पंधरा-वीस कोपी. कोप म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद घातलेली, वाकूनच आत जावं लागेल अशी खोप. दाराला पोत्याचा पडदा. बाहेर तीन दगडांची चूल आणि भाकरी थापणारी ती बाई. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल. हातांवर उसाच्या पात्यांच्या रेघाच रेघा. आत्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, ओटीत केळं घातलं. ती एवढी गोंधळली की पिठाच्या हातानेच वाकून पाया पडली.

मी तिला विचारलं, "पोरगी हुशार आहे. शाळेत का नाही घालत? इथल्या शाळेत घेतील."

"घालाव वाटतंय की बाई," ती म्हणाली. "पर ती साळंत गेली तर ह्या लेकराला कोन बघंल? रानात नेलं तर साप-किरडू हाय, टॅक्टर मागंपुढं हुत्यात. हितं पोरीपाशी असलं म्हंजी माजा जीव कोयत्यात ऱ्हातो."

मला काही बोलता येईना. प्रश्न स्वेटरचा नव्हताच. तिच्या पोरीच्या अंगावर थंडी होती, पण तिला शाळेपासून अडवून धरलं होतं ते काखेतल्या त्या दीड वर्षाच्या ओझ्याने. आणि ते ओझं कुणीतरी काही तास खाली उतरवून घेतल्याशिवाय माझं सगळं बोलणं म्हणजे नुसता उपदेश होता.

आत्यांनी कुठला विचार केला नाही. "माझ्यापाशी ठेव," त्या म्हणाल्या. "मी तरी दिवसभर काय करतो? भिंतींस्नी बघतो."

खरं सांगते मैत्रिणींनो, मला आनंद झाला नाही, धास्ती वाटली. आत्यांचे गुडघे दुखतात. मूल परक्याचं. पडलं, झडलं, आजारी झालं तर? लोक काय म्हणतील? वाटेत मी आत्यांशी एक शब्द बोलले नाही. रात्री यांनीही तेच काढलं, "आई, जबाबदारीचं काम आहे. तुला झेपायचं नाही."

आत्या बंबातली राख भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू वर्साचा हुतास तवा मी लोकांच्या रानात भांगलाय जात हुतो. तू कुनाच्या वसरीवर वाढलास, ठावं हाय का? कुंभाराच्या म्हातारीच्या. ती तुजी कोन लागत हुती?"

हे गप्प झाले. मीही. बारा वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

रात्री मला झोप येईना. इथून जवळच कुंभोज आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म तिथला, २२ सप्टेंबर १८८७ चा. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातली गोरगरिबांची मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. मुलं 'टीप लिहा'मध्ये ते लिहितात, मी गुण देते. आणि मी काय दिलं होतं? एक लहान झालेला स्वेटर. तोसुद्धा घरात जागा अडवणारा!

शुक्रवार

मुख्याध्यापिकाबाईंना मी भीतभीतच विचारलं. शाळेचा दाखला नाही, आधारकार्ड आईच्या पेटीत कुठंतरी, आणि वर्ष तर निम्मं संपलेलं. बाई म्हणाल्या, "अहो, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे ना! सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं, वर्षात केव्हाही. कागद नाहीत म्हणून परत पाठवायचं नाही. कागद मागून मागवू. घेऊन या." मी सहा वर्षं शाळेत आहे, हा नियम प्रशिक्षणात ऐकलाही होता. पण तो माझ्या दारात वाढं टाकायला येणाऱ्या पोरीसाठी आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तुमच्याही गावाशेजारी अशी मुलं असतील. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, मेंढरांमागे. त्यांच्या आयांना हा कायदा ठाऊक नसतो. आपण शिकलेल्या बायकांनी एवढं सांगितलं तरी पुष्कळ आहे, असं मला वाटतं.

शनिवार

सकाळची शाळा. साडेसातला वर्गात बसलेली मुलं बोलली की तोंडातून वाफ. पोर आली. माझ्या मुलीचा जुना गणवेश तिला लांब होत होता, तो आत्यांनी रात्री खाली दुमडून टाके घातले होते. वर्गात तिच्या बोलण्याला दोघं-तिघं हसले. मी फळ्यावर 'कोप' आणि 'खोप' असे दोन शब्द लिहिले आणि म्हटलं, एकच मराठी किती तऱ्हांनी बोलली जाते ते बघा. आणि माझ्या माहेरची मालवणीच्या जवळची बोली बोलून दाखवली. मग सगळे मलाच हसले. ते बरं झालं.

घरची कथा मात्र निराळी. मी साडेअकराला परतले, तर बाळाने आल्या आल्या तासभर घर डोक्यावर घेतलेलं, घटाच्या पाटाजवळ ओलं केलेलं, आणि आत्यांच्या चष्म्याची काडी मोडलेली. आत्या मात्र बंबाजवळ उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर बाळ गाढ झोपलेलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. शेजारच्या काकूंनी वाटीभर म्हशीचं दूध आणून ठेवलं होतं. "रोजच्या वाढ्यातनं वळतं करून घेते," असं त्या म्हणाल्या. पण वाढ्याचे पैसे त्यांनी पोरीला नेहमीसारखे पुरते दिले, ते मी पाहिलं होतं.

रविवार

मिस्त्री आला, नळी बसवली, टाकी भरली. "उद्यापास्नं गरम पानी चालू," म्हणाला. दुकानदाराचाही फोन आला, "वैनी, बंब आणताय न्हवं?"

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मी फोनवर म्हटलं, "राहू दे हो. घरघंटी पुढच्या वर्षी बघू."

त्या दिवशी रविवार म्हणून तांबड्या रश्शाचा बेत होता. पोरीची आई दुपारी आली. रविवारीही तोड असते, पण त्या दिवशी कारखान्याची गाडी लवकर भरून गेली होती. तिने वाढ्याचा एक मोठा भारा परसात टाकला आणि म्हणाली, "ह्याचं पैसं न्हाई घेनार." आमच्याकडे म्हैस नाही. पण मी "नको" म्हणाले नाही. आत्यांनी तर तिला बसवून घेतलं, बंबाचं गरम पाणी बादलीभर दिलं, आणि ती मोरीत केस धुऊन आली. उन्हात केस वाळवत दोघी बसल्या. कितीतरी दिवसांनी डोक्यावरून गरम पाणी घेतलं, असं ती म्हणाली. मी तिला खोबरेल तेलाची बाटली दिली. ती गोठलेली होती. न सांगताच तिने ती बंबाच्या कडेला टेकवून ठेवली.

आणि पुन्हा सोमवार

सोलरचं पाणी आलं, तरी पहाटे बंब पेटलाच. साडेदहाला आई-बापाआधी उठलेली ती पोर बाळाला आत्यांच्या स्वाधीन करून माझ्याबरोबर शाळेत निघाली. बाजाराचा दिवस. रस्ताभर शेळ्या, बैल, भाजीच्या पाट्या. धुकं नुकतं विरत होतं.

शाळा सोडण्याचा विचार मी सोडला आहे. हे कायमचं सुटलं, असं नाही. आत्यांचे गुडघे दुखतात तेव्हा मी रजा काढते. बाळाला ताप आला त्या दिवशी तर माझ्या पोटात गोळा आला होता. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडेल आणि ट्रॉलीत संसार घालून ही माणसं परत जातील. पोरीचं पाचवीचं वर्ष तिकडच्या शाळेत पुरं व्हावं, म्हणून मुख्याध्यापिकाबाई तिचे कागद आत्तापासून तयार करत आहेत. पुढच्या दसऱ्याला ती कुठल्या गावात असेल, कोण जाणे.

त्या सोमवारी मी वर्गात निबंध दिला, 'माझे गाव'. सगळी मुलं खाली मान घालून लिहू लागली. ही मात्र पेन्सिल तोंडात धरून बसलेली.

"काय गं, लिहीत का नाहीस?"

"बाई, कंचं गाव लिवू? तिकडलं का हितलं?"

"दोन्ही लिही," मी म्हटलं आणि तिला आणखी एक कागद दिला.